नुसतं ‘आराम द्या’

मालाडच्या एका प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या लेकीला फसवलं, आणि तेही एका शब्दात. सिझरनंतर घरी सोडताना त्या मला म्हणाल्या, "मावशी, हिला आता आराम द्या."

फुटपाथवर परकर विकत मी दुकानापर्यंत आले. घासाघीस करताना समोरच्याच्या शब्दाशब्दाची उलटतपासणी घेते. पण आमच्या कोकणातल्या घरात बाळंतिणीच्या आरामाचा अर्थ एकच: खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही आणि पाणी बेतानं प्यायचं. अर्थ ठाऊक असलेल्या शब्दाबद्दल विचारायचं काय?

लेक कुरकुरायची. "आई, जरा गॅलरीत जाऊ दे ना गं."

"टाके ताजे आहेत. पड गुपचूप."

"पडून पडून पाठीला बुरशी येईल माझ्या."

"आली तर उन्हात वाळत घालीन तुला."

दोघीही हसलो होतो.

मग तिची डावी पोटरी दुखायला लागली. तो एकच पाय सुजला, गरम लागायला लागला. वारं लागलं असेल म्हणून मी तेल कोमट करून पाय चोळला. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली, बोलता येईना. जोगेश्वरीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा कळलं की पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती.

"हिला चालवत नव्हता का?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"आराम सांगितलेला."

"अहो, आराम म्हणजे ओझं उचलायचं नाही. घरातल्या घरात चालायचं, पाणी भरपूर प्यायचं. एकच पाय सुजला, दुखला, तर चोळायचा नाही, लगेच दाखवायचा."

पोरगी वाचली. पाय मात्र संध्याकाळी जड होतो. बाळ रडलं तर त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मी मारते, ती बसून बघते.

मी मालाडच्या बाईंकडे गेले. आवाज चढवलाच. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी आराम म्हटलं. झोपवून ठेवा कुठे म्हटलं?"

रंग जाणार नाही असं सांगून मी दिलेल्या परकराचा रंग गेला, तर गिऱ्हाईक तो माझ्या तोंडावर फेकतं. बाई, तुम्ही रोज बाळंतिणी घरी धाडता. आमच्या घरांत आराम कशाला म्हणतात, हे तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं, तर ‘चालवा’ एवढं का नाही बोललात? माझ्या लेकीसमोर बसा आणि सांगा.