चार वर्षं वाढीव

वीज खात्यात सगळे त्याला खार म्हणायचे, कारण खांबावर चढताना त्याचे पाय कुठे टेकतात ते कळायचंही नाही. पण ते तिशीतलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो वाटेत दोनदा थांबायचा आणि खाली आला की डावा गुडघा धरून उभा राहायचा. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

तेवढ्यात परिपत्रक आलं. माणसं आता जास्त जगतात, पेन्शनचा भार पेलवत नाही, म्हणून निवृत्तीचं वय बासष्ट. कचेरीतल्या लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. लाइनवरचे कमरेचे पट्टे आवळून कामाला निघाले.

घरी वडील पेपर वाचत होते. तेही वायरमनच. अठ्ठावन्नाला सुटले, आता अठ्ठ्याऐंशीचे, दात सगळे स्वतःचे.

"हे तुमच्यामुळे झालं, बाबा," चपला काढता काढता तो म्हणाला. "म्हातारे जायचं नावच घेत नाहीत."

"मग काय, राजीनामा देऊ?" म्हातारा हसला. मग पेपरची घडी घालत म्हणाला, "आम्ही सात वायरमन बरोबरच सुटलो होतो. पाच जण पाच वर्षांत गेले. सरासरी काढणाऱ्यांनी साहेबांना आणि आम्हाला एकाच पोत्यात भरलं, दुसरं काय!"

पुढच्याच महिन्यात बेकरीमागच्या खांबावर त्याचा गुडघा अडकला. वरही जाता येईना, खालीही. जोडीदाराने शिडी आणेपर्यंत तो पट्ट्याला लटकून होता. गल्ली बघत होती. एका बाईने वर बघून विचारलं, "लाइट कधी येणार?"

तो साहेबाकडे गेला. साहेब त्याच्या मुलाच्या वयाचा, पण माणूस सरळ होता.

"काका, लवकर सुटलात तर पेन्शन कमी बसेल. आणि खाली बसायचं काम म्हणाल, तर जागा नाही."

हे ऐकून वडील म्हणाले, "जागा मागू नकोस. काम दाखव."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन तक्रार कक्षात बसू लागला. तिथली फोनवरची मुलगी नवी होती. लोक पत्ता सांगायचे, तिला खांब कळायचा नाही आणि गाडी भलतीकडेच फिरत राहायची. याला सगळे खांब तोंडपाठ. "शाळेच्या कोपऱ्यावरचा ना? फ्यूज वर नाही, मागच्या भिंतीवर आहे म्हणावं," तो घास गिळून सांगायचा. दोन तासांची कामं अर्ध्या तासात उरकू लागली, तसा साहेबाने वर पत्र लिहिलं. आठ महिन्यांनी त्याच्यासाठी खुर्ची मंजूर झाली. तोवर तो चढतच होता.

खुर्ची त्याला कधी मानवली नाही. वारा सुटला की तो उठून खिडकीशी जायचा, तारा बघायचा. तिथेच त्याने उरलेली वर्षं काढली.

बासष्टाव्या वर्षी सुटल्यावर वडिलांना घेऊन तो पेन्शनच्या कचेरीत गेला. दरवर्षी तिथे हयातीचा दाखला द्यावा लागतो. खिडकीतल्या बाईंनी आधी याच्याकडे, मग त्या ब्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"पेन्शनर कोण?"

"दोघंही," म्हातारा म्हणाला. "आधी त्याचं घ्या. त्याला उभं राहवत नाही."