डिंकाखालची गोडधाटी

“सुरी आत घातली तर पान फाटेल, सर.”

“आणि नाही घातली तर केस जाईल, मॅडम. सोमवारी सुनावणी आहे.”

टेबलावर जाडजूड हर्बेरियम होतं. हर्बेरियम म्हणजे दाबून वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून, खाली नाव-गाव लिहून ठेवलेला संग्रह. हा बेंबळीच्या खैरुन्निसा आपांच्या वडिलांनी घरी बांधलेला. निजामाच्या काळी ते शेती खात्यात होते. गावोगावची पिकं गोळा करायचे.

केस ईट गावच्या सुभद्रामावशींची. सर त्यांचे वकील, मी जुने कागद दुरुस्त करणारी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाणारी हुरड्याची ज्वारी, गोडधाटी, शेतकऱ्यांचं वाण म्हणून नोंदवायची होती. एका बियाणं कंपनीनं हरकत घेतली. म्हणे, ही आमच्याच वाणातून निघाली. नसेल तर जुना पुरावा दाखवा.

आपांनी उर्दूतली अनुक्रमणिका वाचली. गोडधाटीचं नाव होतं. पण ओल लागून नेमकी तीच दोन पानं एकमेकांना चिकटली होती.

“आपा, चिकटवलंय कशानं?”

“बाभळीचा डिंक. अम्मी घोटून द्यायची. जबरदस्ती केली तर न्हाय सुटायचा. दमट हवेत ठेवा, आपोआप ढिला पडतो.”

मग ह्युमिडिफिकेशन केलं. म्हणजे कागद भिजू न देता नुसता दमट करायचा. बंद डब्यात तळाला ओला टीपकागद, वर जाळी, जाळीवर संग्रह. सर दर दोन तासांनी फोन करत. मी एकच उत्तर देत होते, “अजून नाही.”

शुक्रवारी कोपरा हलला. बांबूची पातळ काडी आत सरकवली. पान अलगद सुटलं. आत अख्खं कणीस!

दाणे किड्यांनी खाल्ले होते, पण तुसं शाबूत होती. तूस म्हणजे दाण्यावरचं टरफल. ज्वारीचं वाण त्यावरून ओळखता येतं. मावशींनी आणलेलं कणीस शेजारी ठेवून मायक्रोस्कोपखाली पाहिलं. दोन्हींची तुसं काळी, चकचकीत, कडेला तांबूस लव. कंपनीच्या वाणाचं तूस पिवळट, आखूड.

आपांनी लेबल वाचलं, “गोडधाटी. मौजे ईट. हुरड्याला उमदा.”

“म्या काय सांगत हुते?” मावशी म्हणाल्या.

सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी लेबलवर बोट ठेवलं. “साल तेराशे काहीतरी? तेव्हा तर निजामही नव्हता!”

आपा उठल्या. “फसली साल हाय ते, वकीलसाहेब. निजामाच्या दफ्तरात तेच चालायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवा, तुमचं साल निघंल.”

सुनावणी घेणारे अधिकारीही हसले. तुसांचे फोटो त्यांनी दोनदा पाहिले. कणीस कंपनीच्या वाणाच्या कितीतरी आधीचं ठरलं, हरकत तिथंच फेटाळली.

महिन्याभरानं सर्टिफिकेट आलं. मावशींनी सरांच्या ऑफिसात पोतंभर कणसं आणून शेगडीवर हुरडा भाजला. सरांनी तीनदा मागून घेतला.

माझ्याकडे हे काम शिकायला येणाऱ्या नव्या लोकांना मी एवढंच सांगते. वाळलेलं रोप कोणीही जपतं, पण लेबल नसेल तर ती नुसती वैरण.