किल्बेनबाईंची फुलं

ड्रमकील या आयरिश खेड्यातली दोन खोल्यांची शाळा बंद होणार म्हटल्यावर साऱ्या गावाला तिचा उमाळा आला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! ज्यांनी तिथं छडीशिवाय काही खाल्लं नव्हतं, तेही डोळे पुसू लागले. अट्राक्टा गिलहूलीला या सगळ्याची शिसारी आली होती. त्यात सगळ्यात जुनी विद्यार्थिनी म्हणून निरोपाच्या दिवशी तिथल्या जुन्या शिक्षिका किल्बेनबाईंना फुलं द्यायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

"नव्वदी उलटलीय बाईंची. झालं गेलं सोडून दे की गं," निरोप समारंभाच्या समितीचा मॅलकी म्हणाला.

"तुझं काय जातंय रे सोडायला?"

शाळा म्हटली की तिच्या नाकात आधी वास शिरे. अंगावरच वाळणारे ओले लोकरी कपडे, बाटल्यांत नासलेलं दूध, आणि पोरांनी घरून आणलेल्या दलदलीच्या मातीच्या जळणाचा धूर. त्या जाळासमोर बाई मागून स्कर्ट उचलून पार्श्वभाग शेकत उभ्या, आणि पोरं बाकांवर कुडकुडत. लघवीला बाहेर जायचं असेल तर ते आयरिश भाषेतच विचारायचं, हा बाईंचा दंडक. घरी सगळे इंग्रजी बोलणारे, म्हणून पोरांनी तेवढं एक वाक्य घोकून ठेवलेलं. अट्राक्टाचा धाकटा भाऊ फिंटन मात्र अडखळत बोले. एका सकाळी तो पहिल्याच शब्दावर अडकला.

"पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या. तो पुन्हा अडकला. "पुन्हा!"

शेवटी बाकाखाली ओघळ आला. बाईंनी त्याला त्याच्याच स्वेटरनं जमीन पुसायला लावली आणि तोच स्वेटर अंगात चढवायला लावला. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

तरी ती समारंभाला गेली. बाईंनी एका शब्दानं जरी हळहळ दाखवली, तर फुलं द्यायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. तिला माइकसमोर उभं केलं. शेजारी खुर्चीत बाई होत्या.

"तू कुणाची गं?" बाईंनी विचारलं.

"गिलहूलींची. फिंटनची बहीण. आठवतो का?"

"न आठवायला काय झालं? वर्गात तळं करणारा तोच ना!" बाई खुदकन हसल्या. लोक हसले. मॅलकीसुद्धा.

"तोच," अट्राक्टा म्हणाली. "लिव्हरपूलला गेला. पुढं जन्मात त्यानं कुणाकडं तोंड उघडून काही मागितलं नाही. छातीत कळा येत होत्या, तरी डॉक्टरला बोलवा म्हणायला भ्याला, आणि तसाच मेला. भिंतीपलीकडं माणसं होती, बाई. जागी होती."

हसणं थांबलं. कुणीतरी खोकलं. किल्बेनबाईंनी फुलांसाठी पुढं केलेला हात मात्र तसाच होता.

"आण की इकडं," त्या म्हणाल्या. "हात दुखतोय माझा."

अट्राक्टानं फुलं दिली नाहीत. मॅलकी घ्यायला पुढं आला, त्यालाही नाही.