योसेफाचं नाव आणि सगुणाबाई

बाई गेल्याचा निरोप वालचंदनगरला आमच्या क्वार्टरवर भर दुपारी आला. इंदापूरहून सायकल मारत आलेले शाळेचे मास्तर दारातच उभे राहिले, पाणीसुद्धा घेईनात. "बाई सकाळी वर्गावर जायला निघाल्या आणि..." त्याला आता सहा आठवडे होतील.

सगुणाबाई इंदापुरात मुलींच्या शाळेत शिकवत. धर्मानं ख्रिस्ती, लग्न न केलेल्या, शिस्तीला कडक. मला त्यांनीच वाढवलं. बाजार उठल्यावर भाजीच्या रिकाम्या पाट्यांजवळ मी त्यांना सापडले, तेव्हा जेमतेम महिन्याची असेन. हे त्यांनी माझ्यापासून कधी लपवलं नाही. सगळं गाव त्यांना बाई म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणू लागले. 'आई म्हण' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण मला शाळेत घालताना बापाच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, इथं माणसाचं नाव लागतं." बाई म्हणाल्या, "मग मी कोण आहे?" नाव तसंच राहिलं.

माझं लग्न ठरलं तो दिवस मात्र मी आजही मान वर करून सांगते. मुलगा, योहान, वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर. त्याचे वडील यशवंततात्या वरकुट्याचे शेतकरी, चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. पाहुणे बसले, बोलणी झाली आणि ऐन साखरपुड्याच्या वेळी तात्या घसा खाकरून म्हणाले, "बाई, पोरगी चांगली हाय, त्यात वाद न्हाय. पन उद्या लोक इचारतील, हिचं कूळ कंचं? आमी काय सांगायचं?" मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रे खाली ठेवला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पवित्र शास्त्र तात्यांच्या हातात दिलं. "नाताळात येशूची वंशावळ तुम्हीच वाचता ना, तात्या? मत्तयानं लिहिलेली. आज वाचा, फक्त सावकाश."

तात्या एरवी ती चाळीसेक नावं एका दमात संपवत. त्या दिवशी बाईंनी त्यांना बाईमाणसाच्या प्रत्येक नावापाशी थांबवलं. तामार... सासरच्यांनी जिच्यावर अन्याय केला ती. राहाब... जिच्या घराचं नाव चारचौघांत घेत नसत. "आणि ही रूथ. परक्या मुलखातली, विधवा. दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी. दावीद राजाची पणजी." कापणीनंतर रानात पडलेली कणसं वेचणाऱ्या बाया आमच्या भागात कुणी पाहिल्या नाहीत? तात्यांचा आवाज उतरला. तरी ते वाचत राहिले, येशूच्या आईच्या नवऱ्यापर्यंत, योसेफापर्यंत आले.

"लूकनंही वंशावळ लिहिली," बाई म्हणाल्या. "तिच्यात बरीच नावं निराळी आहेत. पण दोन्ही योसेफाच्याच घरात येतात. आणि लेकरू तर योसेफाच्या पोटचं नव्हतं. त्यानं ते पदरात घेतलं, आपलं म्हटलं, म्हणून येशू दाविदाच्या घराण्यातला झाला. योसेफाचं नाव चालतं, तर माझं का चालू नये?"

तात्यांनी पुस्तक मिटलं. "माझी आय दुष्काळात सरवा येचत वरकुट्याला आली," ते म्हणाले. "तिचं माहेर कंचं, मला अजून ठावं न्हाय... कुनाला सांगितलं न्हवतं." मग दाराकडं बघत, "पोरी, च्या आन." लग्नात मंडळीपुढं उभं राहून त्यांनीच सांगितलं, सगुणाबाईंची लेक आमच्या घरात येती हाय.

परवा मी बाईंची खोली आवरायला गेले होते. दार उघडल्याचं कळलं म्हणून माळ्यांच्या आळीतली गऊआजी काठी टेकत आली. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. पुण्याला असलेल्या लेकाची पत्रं बाई तिला वाचून दाखवत.

"आत कोन हाय?"

"मी, आजी."

"मी म्हंजी? कुनाची?"

"सगुणाबाईंची."

तिनं कमरेला खोचलेलं लेकाचं पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि उंबऱ्यावर बसली. मी बाईंच्या खुर्चीत बसून वाचू लागले. दोन ओळी झाल्या असतील...

"व्हय," म्हातारी मान हलवत म्हणाली, "बाईंचाच आवाज हाय."