साडूभाऊंचे टाईट एंड

आमच्या साडूभाऊंइतका बिनकामाच्या विषयातला मोठा तज्ज्ञ अख्ख्या आखातात दुसरा झाला नाही, आणि यापुढे कुणी होईल अशी मला भीतीही वाटत नाही. माणूस मूळचा इचलकरंजीचा. नोकरी रास अल खैमाच्या फरशांच्या कारखान्यात, भट्टीवर सुपरवायझर. अमेरिका कधी पाहिली नाही, फुटबॉलला उभ्या जन्मात पाय लावला नाही. पण अमेरिकेतल्या कुठल्या कॉलेजचा टाईट एंड यंदा बरा आणि कुठल्याचा नुसताच धिप्पाड, हे नवा सीझन सुरू व्हायच्या आत जगाला ठणकावून सांगणारा माणूस तो. जगाला म्हणजे मला. कारण दुसरं कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं, आणि मला पळून जायला जागा नव्हती.

त्याचं असं होतं की नव्वद सालानंतरच्या त्या काळात आमच्याकडे उन्हाळ्याची एक रीतच पडून गेली होती. जूनअखेर शाळा बंद झाल्या की बायकामुलं भारतात जायची ती थेट सप्टेंबरच्या तोंडावर उगवायची, आणि मागे उरलेले आम्ही बाप्ये म्हणजे सक्तीचे ब्रह्मचारी. मी दुबईत, देराला, एका ट्रेडिंग ऑफिसात होतो. विमानतळावर आत शिरताना बायको मला दोनच सूचना द्यायची, गॅस बंद करत जा आणि भाऊजींकडे लक्ष ठेवा. भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे हेच. तिकडे सुट्टी शुक्रवारची, मग गुरुवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस खलास झालं की मी गाडी काढायचो आणि वाळूतले उंट मोजत रास अल खैमाला पोचायचो. दार उघडताच ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. हातात पिठल्याचा डाव, अंगात बनियन, आणि प्रश्न, "पावणं, मकेवाल्यांचा गडी गुडघ्यातनं बरा झालाय म्हणतात. काय वाटतं तुम्हाला?"

मला काय वाटणार कपाळ! मला आधी हा खेळच धड कळत नव्हता. अमेरिकेतला फुटबॉल नावालाच पायाचा, एरवी सगळा हाताचा कारभार. लांबट चेंडू काखोटीला मारून पळायचं, आणि समोरच्यांनी अंगावर पडून लोळवायचं. यात एक रांग असते नुसती धक्के देऊन वाट करून देणाऱ्या बैलांची, आणि काही चपळ पोरं असतात लांबवर जाऊन चेंडू झेलणारी. टाईट एंड हा गडी रांगेच्या टोकाला उभा राहतो आणि त्याला दोन्ही करावं लागतं. आज अडव, उद्या झेल. कौतुक मात्र दोन्हीकडे दुसऱ्याचंच. साडूभाऊंनी हे मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा थेट आपल्या लग्नाच्या मांडवात नेलं. म्हणाले, "मुलीचा मामा बघा. आचाऱ्यावर नजर तोच ठेवणार, रुसलेल्या व्याह्यांना तोच अडवून धरणार, आणि ऐन मुहूर्ताला मुलीला हाताला धरून बोहल्यावर तोच आणणार. फोटोत दिसतो का कुठं? अर्धा कान दिसतो." त्या दिवसापासून मला टाईट एंड म्हटलं की फेटा बांधलेला माणूस दिसतो, तो आजतागायत.

हे वेड लागलं एका अमेरिकन साहेबामुळे. नवी भट्टी बसवायला तो काही महिने कारखान्यात होता. भट्टी तापायची वाट बघत दोघं तासन् तास बसायचे, आणि साहेब आपल्या कॉलेजातल्या दिवसांबद्दल बोलायचा. तो स्वतः टाईट एंड होता म्हणे, राखीव. जाताना मासिकांचा एक गठ्ठा ठेवून गेला, आणि पुढे दर वर्षी नव्या सीझनचा जाडजूड अंक आठवणीनं पाठवत राहिला. वाटेत सरकारी तपासणीत कुणीतरी इमानदारीनं त्यातल्या नाचणाऱ्या मुलींच्या पायांवर काळी शाई फासलेली असायची. मुलींचं साडूभाऊंना सुखदुःख नव्हतं. पण शाई पाठच्या पानावर उतरून एका पोराचं वजन बुजलं, तेव्हा त्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी फोटोत शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या खांद्याशी खांदा ताडून त्यांनी वजन काढलं आणि मगच झोपले. साहेबानं एकदा मॅचची कॅसेटही पाठवली होती. ती तिकडच्या पद्धतीची, आपल्या व्हीसीआरवर चित्र काही ठरेना, खालून वर नुसतं पळायला लागलं. मी म्हटलं, बंद करा, डोळे गेले. हे आपले हात जोडून बसल्यासारखे बघतायत. "तो बघा, तो बघा, डावीकडचा! कसा खाली बसला कमरेतनं!" मला तर माणूस कुठला आणि गवत कुठलं हेही कळत नव्हतं.

कॉलेजांची खरी नावं त्यांना पाठ होती, पण ती त्यांना रुक्ष वाटत. म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. मक्याच्या शेतांमधलं ते मकेवाले, दक्षिणेतलं ते दमटवाले, मग डोंगरवाले, आणि साहेबाचं स्वतःचं कॉलेज ते तळ्याकाठचे. जेवण झालं की ते हॉलमध्ये आडवे व्हायचे, पाठीखाली कारखान्यातल्या सेकंड क्वालिटीच्या गार फरशा, डोळे मिटलेले, आणि बोलायला लागायचे. बाहेर ऑगस्टची दमट हवा काचेवर घाम आणून बसलेली, एसी घरघरतोय, आणि हा माणूस मला सांगतोय की मकेवाल्यांकडे आता सकाळी धुकं पडायला लागलं असेल, कणसं माणसाच्या वर गेली असतील, गवतावर दव असेल आणि पोरं त्यात पाय ओढत सराव करत असतील, लांबून कुठून तरी बँडवाल्यांची तालीम ऐकू येत असेल. ऐकता ऐकता मला खरोखर गार वाटायला लागायचं. मी एकदा उठून पांघरूण घेतलं, तर हे डोळे न उघडता म्हणाले, "बघा, पोचलात."

रस्त्यात चालतानाही त्यांची नजर तीच. देराच्या धक्क्यावर लाकडी गलबतांत माल चढवतात तिथे मी त्यांना एकदा सहज फिरायला नेलं. एक धिप्पाड पठाण एकट्यानं पाठीवर फ्रिज घेऊन फळीवरून चढत होता. साडूभाऊ जागीच थबकले. "पावणं, खांदा बघा! गडी ओणवा नाही, बसका चालतोय. एक सीझन शिकवला तर मकेवाले घेऊन जातील." आणि उत्साहाच्या भरात, ‘चल गड्या’ म्हणावं तसं, जोरात अरबीत ओरडले, "यल्ला हबीबी, यल्ला!" पठाणाला वाटलं, मालक आला. त्यानं फ्रिज फळीवरच उतरवला आणि आदबीनं विचारलं, "जी साब, किधर रखूँ?" मागे पंधरावीस हमालांची रांग अडली, सगळे आमच्या नावानं शंख करायला लागले. साडूभाऊ मात्र त्या पठाणाचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन निरखत होते. मला म्हणाले, "हातही आहेत हो!"

बाकी काहीही म्हणा, माणूस निःपक्षपाती. त्याचा त्यांना फार अभिमान. दर वर्षी ते पहिल्या नंबरपासून शेवटच्यापर्यंत क्रम लावायचे, आणि साहेब तिकडून फोन करायचा, आपलं तळ्याकाठचं पोरगं कितवं आलं विचारायला. एवढा मोठा माणूस, पण त्याचा आवाज निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा व्हायचा. हे कधी बधले नाहीत. "सर, व्हेरी गुड बॉय. बट हँड्स नो गुड." फोन ठेवून मला म्हणायचे, "अंक त्यानं पाठवला हे खरं. पण चेंडू छातीवर आपटून सुटतो त्याला मी काय करू? मनातलं माणूस निराळं आणि नंबर निराळा."

घरात अर्थातच या सगळ्याला शून्य किंमत. ताई, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणी, म्हणायच्या, "यांना लेकीची इयत्ता विचारा, सांगता येणार नाही. त्या कुठल्या कोण पोराचा कुठला गुडघा दुखतो ते तोंडपाठ!" हे मात्र खोटं होतं. सई त्यांचा जीव की प्राण. एकुलती एक, तिथेच वाढलेली, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीतून. "बाबा, प्लीज! नॉट इन फ्रंट ऑफ माय फ्रेंड्स!" हे तिचं पेटंट वाक्य. तिचं वेड दगड. रास अल खैमाच्या मागे ते उघडेबोडके डोंगर आहेत ना, तिथून ती पोतंभर दगड आणायची आणि बापाच्या पॅसेजमध्ये मांडायची. बारावी झाल्यावर तिनं अमेरिकेत भूगर्भशास्त्र शिकायचं ठरवलं, आणि कर्मधर्मसंयोगानं तिला प्रवेश मिळाला तो कुठे? चक्क मकेवाल्यांकडे! दुसरा एका लहानशा थंड गावातल्या लहानशा कॉलेजात, जिथे फुटबॉलची टीम औषधालासुद्धा नव्हती. दोन्हीकडे खर्च सारखाच पडणार होता. पोरगी म्हणाली, "आय कान्ट चूज. बाबा, यू डिसाइड."

मला निर्णय ऐकायची गरजच वाटली नाही. इतकी वर्षं ज्या गवतावर हा माणूस डोळे मिटून फिरत होता तिथे त्याला हक्कानं जायला मिळणार होतं. मी पेढे घेऊन गेलो. तर हे हॉलमध्ये कागद पसरून बसलेले. सईकडून कॉम्प्युटरवरून दोन्ही कॉलेजांच्या प्रोफेसरांची माहिती काढून घेतली होती आणि त्यांची तुलना चालली होती, अगदी त्याच चालीनं. म्हणाले, "मकेवाल्यांकडे नावं मोठी आहेत. पण एक नुसता लिहितो आणि दुसरा नुसता शिकवतो. या बारक्या कॉलेजात एक बाई आहेत. पोरांना घेऊन स्वतः डोंगरात राहतात, आणि परत येऊन पहिल्या वर्षाला शिकवतातही. दोन्ही कामं करणारं माणूस आहे, पावणं. असं माणूस सोडायचं नसतं." मी म्हटलं, "अहो पण मकेवाले! तुमचं स्टेडियम!" त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. "शिकायचंय तिला," म्हणाले. एवढंच. पेढा मात्र खाल्ला नाही.

ऑगस्टात ताई तिला पोचवायला गेल्या. भट्टीचं काम निघाल्यामुळे साडूभाऊंना रजा नव्हती. दुबईच्या विमानतळावर मी होतोच. सई आपली ट्रॉली धरून उभी, डोळे लाल, आणि हे तिला सांगतायत की थंडीत कान झाक, रस्ता ओलांडताना उलटीकडे बघ, तिकडची वाहतूक इथल्यासारखीच आहे पण तरी बघ. शेवटी पोरगीच गळ्यात पडली आणि जन्मात पहिल्यांदा स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, जेवत जा वेळेवर." ती आत गेल्यावरही हे काचेला नाक लावून उभे होते. मी दोनदा हाक मारली. परतताना गाडीत अवाक्षर बोलले नाहीत, मी हौसेनं डोंगरवाल्यांचा विषय काढला तरी नाही. त्या वर्षीचा अंक आलेला होता. तो डॅशबोर्डवर तसाच, पाकीटसुद्धा न फोडलेला. मला मेलं भरूनच आलं. इतकी वर्षं ज्या बडबडीला मी वैतागत होतो, ती आता बंद पडते की काय या विचारानं मला सुचेनासं झालं.

पुढच्या गुरुवारी मी जरा लवकरच निघालो. दार उघडलं, हातात पिठल्याचा डाव होता, प्रश्न नव्हता. पण आत फरशीवर अंक उघडा दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी मुद्दामच बसकण मारली आणि विचारलं, "मग, यंदा पहिला कोण?" साडूभाऊंनी एका कॉलेजचं नाव घेतलं. खरं नाव, ठेवलेलं नव्हे. मी कधी ऐकलंच नव्हतं. अंकात बघितलं तर अगदी शेवटच्या पानांत कोपऱ्यात चार ओळी, आणि चिकटवल्यासारखा एक फोटो. किडकिडा पोरगा, हेल्मेट त्याला मोठं होत होतं. मी म्हटलं, "साडूभाऊ, हा? याचे हात तरी आहेत का? मागच्या वर्षी याची टीम एकही मॅच जिंकली नाही असं लिहिलंय इथे!"

"नाही जिंकली."

"अडवतो तरी बरा?"

"कुठला अडवतोय, वाऱ्यानं उडेल." ते माझ्याकडे बघत नव्हते, गॅसपाशी उभे राहून पिठलं ढवळत होते. मग हळूच म्हणाले, "सईच्या हॉस्टेलपासनं सगळ्यात जवळचं कॉलेज आहे हो ते. बसनं जाता येतं."

मी परत त्या फोटोकडे बघितलं. साहेबाच्या फोनलाही न बधलेला माणूस होता हा. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "पण साडूभाऊ, चेंडू सुटणार याच्या हातातनं."

"सुटू दे की. शिकेल," ते म्हणाले. "पहिलंच वर्ष आहे त्याचं. घर सोडून लांब आलेलं पोर आहे." आणि डाव तसाच हातात धरून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी म्हटलं, "पहिला नंबर. वादच नाही."

मग मी उठलो, त्यांच्या हातातला डाव घेतला, आणि दोघांची पानं वाढली.