पॅडला लागलेलं तेल

"थांबा सर, चाक बोलून राह्यलं," असं म्हणत मिस्त्री चाक हातानं फिरवायचे आणि कान डिस्कजवळ नेऊन डोळे मिटायचे. आपण मागे उभे. आपल्याला काही ऐकू यायचं नाही, तरी आपणही श्वास रोखून धरायचा.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापासून थोडं आत त्यांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही. मी बार्शीटाकळीच्या शाळेत शिकवतो. रोजचं जाणं-येणं मोटारसायकलवर, त्यामुळे आमची गाठ पडायचीच.

नवे ब्रेक पॅड बसवले की ते गाडी लगेच देत नसत. ब्रेक दाबदाबून कडक करायचे, मग स्वतः पुलापर्यंत चक्कर मारून यायचे. "दोन दिवस जोरात दाबू नोका," म्हणायचे. "पॅडची अन् डिस्कची अजून ओळख नाई झाली." चेहरा असा, की जणू सोयरिकीची बोलणी चालली आहेत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या गाडीचे मागचे पॅड बदलले. आठवडाभर गाडी छान थांबत होती. रविवारी बायकोला मागे बसवून बाजारात निघालो. वळणावर एक म्हातारी आडवी आली. पायानं ब्रेक दाबला, तो लागलाच नाही. घाबरून हाताचा ब्रेक आवळला आणि पुढचं चाक गिट्टीवरून घसरलं. म्हातारी वाचली. बायकोचं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन सगळं सांगितलं. तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती. मिस्त्रींनी पॅड काढले, वास घेतला.

"याले तेल लागेल हाय, सर. मंग पॅड डिस्कले धरत नाई."

"मग तुमच्याच हाताचं असेल," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "जमत नसेल तर बंद करा हे काम."

एका गिऱ्हाइकानं आपली गाडी वळवून नेली. मिस्त्री स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले.

"असंन," ते म्हणाले. "माह्याच हाताचं असंन." नवे पॅड बसवताना हळूच विचारलं, "वहिनीचा हात कसा हाय?" मी गाडीला किक मारली.

तीन महिन्यांनी अंगणात गाडीच्या चेनवर तेलाचा फवारा मारत होतो. ऊन तिरपं होतं. त्या उन्हात तेलाचे बारीक थेंब उडून मागच्या डिस्कवर बसताना मला दिसले. आम्ही पडलो त्याच आठवड्यात मी तो डबा आणला होता. पडण्याच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा वापरला होता.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना जाऊन सांगा ना."

जातो म्हणालो. परीक्षा आल्या, मग उन्हाळा. गाडी दुसरीकडे दाखवू लागलो. पुलावरून जायचं टाळू लागलो. वर्ष उलटलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत एकदाचा गेलो. दुकान बंद. शेजारी हार विकणारी बाई म्हणाली, "मिस्त्री वारले ना, पोळ्याच्या आधी. तुमाले गाडी दाखवाची होती काय?"

तीच पुढे बोलत राहिली. "शेवटी लय सावकाश झालते. ब्रेकचं काम आलं का साबनानं दोनदा हात धूत. मंग गिऱ्हाइकापुढं दोनी हात धरत. म्हनत, पाहून घ्या, तेल नाई. लोकं हासत. काहून करत होते, कोनाले मालूम."

मला माहीत होतं. तिलाही मी ते सांगितलं नाही.