चष्म्याच्या आकाराचं वेटोळं

ऑफिसात तिला सगळे नन्नाबाई म्हणत. तोंडावर नाही म्हणायचे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे. पेटंट परीक्षकाचं कामच मुळी नन्नाचा पाढा लावायचं. कुणीतरी अर्ज करतं की मी नवीन काहीतरी शोधलंय, माझ्या परवानगीशिवाय ते दुसऱ्या कुणी बनवू नये. परीक्षकानं जगभरातले जुने कागद उपसायचे आणि कळवायचं, नाही हो, हे आधीच होऊन गेलंय.

तिच्या वाट्याला आलेला विषय होता सर्किट बोर्डवरचे इंडक्टर. इंडक्टर म्हणजे साधं तारेचं वेटोळं. त्यातून जाताना विजेची उसळी मोडते, ती जरा शांत होते, म्हणून मोबाइलच्या चार्जरपासून इस्पितळातल्या यंत्रांपर्यंत सगळीकडे ते लागतं. पूर्वी तार गुंडाळत. आता बोर्डवरच तांब्याची पातळ पट्टी वळवून वळवून उमटवतात. गोल वळवा, चौकोनी वळवा, एका थरात वळवा नाहीतर चार थरांत. पट्टी किती तऱ्हांनी वळवावी याला काही सुमारच नव्हता, आणि प्रत्येक अर्जदाराची खात्री असे की अशी ती आजवर कुणाच्या बापानं वळवली नव्हती.

या खुर्चीत येण्याआधी तिनं एका छोट्या कारखान्यात असले बोर्ड स्वतः आखले होते. कारखाना बंद पडला, ती परीक्षा देऊन इथे आली. तेव्हा वेटोळी बघायची तिला आवड होती. आता डोळे मिटले तरी वेटोळीच दिसायची, आणि आवडीचं म्हणाल तर तिचा पार भुगा झाला होता.

घरी सासूबाई शेजारणींना सांगत, "आमच्या सूनबाईला दिवसभर लोकांना नाही म्हणायचा पगार मिळतो. मी जन्मभर फुकट म्हणत आले."

तर अशात तिच्याकडे तो अर्ज आला. एका मोठ्या कंपनीचा अर्ज होता आणि कंपनीचा वकील तिच्या चांगलाच ओळखीचा होता. पेटंट वकील. नेहमी इस्त्रीतला, नेहमी हसतमुख, आणि वाक्याला शेपूट लावण्यात याचा हात धरणारा कुणी नाही. पेटंटच्या अर्जात सगळ्यात महत्त्वाचा असतो तो दावा, म्हणजे आमचं काय ते नेमकं सांगणारं वाक्य. या वकिलाच्या दाव्यात नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं असे. या खेपेला लिहिलं होतं, 'किमान एक वहनक्षम घटक, जो अंशतः किंवा पूर्णतः किंवा बहुतांशी वक्राकार असून कोणत्याही पृष्ठभागावर अथवा पृष्ठभागालगत स्थित आहे.'

तिनं ते वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाली, "या वर्णनात माझ्या न्हाणीघरातला नळाचा पाइपसुद्धा बसतो."

"मग लिहा तसं," तो म्हणाला.

तसं लिहिता येत नाही, हेच तर दुखणं. तिनं रीतसर शोध घेतला. जुन्या परिषदांचे निबंध, बंद पडलेल्या मासिकांचे अंक, परदेशातली पेटंटं. आणि सापडला तो एका जुन्या परिषदेतला निबंध, वाकडातिकडा स्कॅन केलेला, कडा काळ्या. लेखकाचं नाव नाही, फक्त कुठल्याशा प्रयोगशाळेचं. पण आकृती स्वच्छ होती. चष्म्याच्या दोन काचांसारखी शेजारीशेजारी दोन वेटोळी. एकातून वीज उजवीकडून फिरते, दुसऱ्यातून डावीकडून. त्यामुळे दोघांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं आणि आजूबाजूच्या नाजूक भागांना त्रास होत नाही. कंपनीच्या अर्जातली आकृती म्हणजे याच चष्म्याची धाकटी बहीण. तिनं हरकत पाठवली.

उत्तर आलं. जुन्या निबंधातलं वेटोळं 'वळलेलं' आहे, आमचं 'वक्राकार' आहे.

तिनं पुन्हा हरकत पाठवली. पुन्हा उत्तर आलं. आता 'वक्राकार'च्या पुढे 'सुव्यवस्थितपणे' लागलं होतं. मग 'परस्परसंलग्न'. मग 'परस्परसंलग्न अथवा परस्परविलग'. ऋतू बदलले, तिच्या टेबलाशेजारची खिडकी दोनदा दुरुस्त झाली, तरी दावा आपला तसाच, फक्त शेपूट वाढत चाललेलं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असे: जुना निबंध वाचून कुठल्याही जाणकाराला ही कल्पना सुचणंच अशक्य आहे.

शेवटी साहेबांनी तिला बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला फायली टेबलावर दिसलेल्या चालत नसत. "बाई, या वेटोळ्याचं काय ते एकदा मिटवा. सुनावणी घ्या आणि मोकळ्या व्हा."

सुनावणीला वकील आला तो एका म्हाताऱ्या गृहस्थाला बरोबर घेऊन. "हे आमचे संशोधक," वकील म्हणाला. "इंजिनियर. निवृत्तीला आलेत. तुम्हाला भेटायची त्यांची इच्छा होती." लग्नात वडीलधारं माणूस पुढच्या खुर्चीत बसवतात तसं त्यानं त्यांना बसवलं आणि स्वतः बोलायला उभा राहिला. म्हातारे इंजिनियर मान खाली घालून टेबलाच्या कडेची निघालेली पट्टी बोटानं दाबून बसवत राहिले.

वकील बराच वेळ बोलला. निबंध जुना आहे, आकृती अस्पष्ट आहे, आणि मुख्य म्हणजे दोन वेटोळ्यांत वीज उलटसुलट फिरवायची हे त्यात कुठे सांगितलेलंच नाही. "मॅडम, मी तर म्हणतो, लिहिणाऱ्याला स्वतःलाही आपण काय लिहिलंय ते उमगलं नसेल."

"उमगलं होतं," इंजिनियर म्हणाले.

वकील थांबला. "काय म्हणालात?"

"उमगलं होतं. तो निबंध मीच लिहिलाय. तेव्हा त्या प्रयोगशाळेत होतो. त्यात स्पष्ट म्हटलंय, दुसऱ्या पानावर, खालच्या परिच्छेदात. बाईंचं बरोबर आहे."

बाईनं दुसरं पान उघडलं. होतं खरंच.

वकिलाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागे कुणी नव्हतं. "हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," तो हळू आवाजात म्हणाला.

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, ते आपण बघून घेऊ."

बाईला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे डोकं आपटावंसं वाटत होतं. इतक्या दिवसांची कागदांची ही रेटारेटी, आणि या माणसाला कुणी साधं विचारलंही नव्हतं. तिनं पेन खाली ठेवलं. "हे जर तुमचंच जुनं काम आहे, तर या अर्जात नवीन काय केलंत?"

वकील म्हणाला, "मॅडम, ते दाव्यात सविस्तर—"

"मी त्यांना विचारतेय."

इंजिनियरांनी चष्मा काढला आणि टेबलावर उलगडून ठेवला. "ही दोन वेटोळी. नाकावरच्या दांडीपाशी एक पट्टी दुसरीला ओलांडून जाते. जाणार कशी? एकमेकींना चिकटून चालत नाही. म्हणून भोक पाडून एकीला बोर्डच्या खालच्या थरातून न्यायची. म्हणजे एका वेटोळ्याला वळसा पडला. ते जास्त तापतं. दोन्ही सारखी राहिली नाहीत, की एकमेकांना पुरती मारत नाहीत. शेजारच्या भागांना थोडा त्रास, थोडी कुरकुर शिल्लक उरतेच. ते मला इतकी वर्षं सलत होतं."

"मग?"

"घरात दोन मुलं असली की सारखं एकालाच दुकानात पिटाळून चालत नाही. आळीपाळीनं पाठवायचं. प्रत्येक वेटोळं अर्धं वरच्या थरात, अर्धं खालच्या थरात. मध्यावर दोघांनी जागा बदलायच्या. वळसा दोघांच्या वाट्याला सारखाच. कुरकुर जवळजवळ गेली."

कारखान्यात असताना याच कुरकुरीपायी तिनं बोर्डांवर बोर्ड वाया घालवले होते, आणि शेवटी वर पत्र्याचं झाकण ठोकून वेळ मारून नेली होती. जागा बदलायच्या. इतकं सोपं, आणि तिला कधी सुचलं नव्हतं. तिनं अर्ज चाळला. एका आकृतीच्या वर्णनाच्या शेवटी, जाता जाता, एका ओळीत ते आलं होतं. दाव्यात त्याचा मागमूस नव्हता.

"हे लिहा ना दाव्यात," ती वकिलाला म्हणाली. "हे लिहिलंत तर मी नव्यानं शोध घेईन. एवढं एकच लिहा."

"मॅडम, एवढंसं घेऊन माझं अशील काय करणार? कुणीही जरा बाजूनं वळवेल आणि निसटेल."

"अशील म्हणजे कंपनी," इंजिनियर चष्मा घालत म्हणाले. "मी नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला परत बोलावलं. "वकिलाची तक्रार आलीय. एका परिच्छेदात म्हणतो, तुम्ही संशोधकाला बोलतं करून वकिलाची पंचाईत केलीत. दुसऱ्या परिच्छेदात म्हणतो, तुम्ही त्याचं काम त्याला शिकवलंत. यातलं मी नेमकं कशाबद्दल तुम्हाला बोलू?"

"दोन्हीबद्दल बोला," ती म्हणाली. "एकदाच होऊन जाऊ दे."

त्या संध्याकाळी ती घरी आली ती धुमसतच. भांडी जरा जास्तच वाजली. नवरा वर्तमानपत्रामागे गेला आणि तिथेच राहिला. सासूबाईंनी लसूण सोलता सोलता विचारलं, "काय झालं गं?"

तिनं सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत.

"मग नाही म्हण आणि हो मोकळी. तुला काय नवीन आहे?"

"तेच तर. या खेपेला मला हो म्हणायचंय. आणि ते म्हणू देत नाहीत."

सासूबाईंनी सुरी थांबवली, सुनेकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू चिडलीस ती त्या म्हाताऱ्यासाठी." मग पुन्हा लसूण सोलू लागल्या.

सुधारलेला दावा आला. तिनं तो उभ्यानंच वाचला. दोन्ही वेटोळी, दोन्ही थर, मध्यावर जागांची अदलाबदल, सगळं होतं. आणि शेवटी: 'किंवा अन्यथा'.

'किंवा अन्यथा'. म्हणजे अर्धं वर, अर्धं खाली, किंवा मग कसंही. तिनं कागद उपडा ठेवला, जिन्यानं खाली गेली, इमारतीला एक फेरी मारली आणि परत येऊन वकिलाला फोन लावला.

"तुमचं शेपूट कापा," ती म्हणाली.

"मॅडम?"

"शेवटचे दोन शब्द. अर्जाची मुदत संपत आलीय. मी पुन्हा हरकत घेतली आणि तुम्ही पुन्हा उत्तर लिहीत बसलात, की अर्ज बाद होईल. मग ना तुमच्या कंपनीला काही, ना त्या माणसाला."

मग वकील बोलला, आणि तिनं त्याला पहिल्यांदाच शेपटाशिवाय बोलताना ऐकलं. "मला काय हौस आहे का? कंपनीतले वरचे लोक म्हणतात, जेवढं मागता येईल तेवढं मागा. मी कमी मागितलं तर ते दुसरा वकील बघतील. त्या म्हाताऱ्यांचा मला रोज फोन येतो. ते काही मागत नाहीत. नुसतं विचारतात, काय झालं. तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?"

तिला त्याचा राग आला होता तो तसाच होता, पण आता त्यात थोडी दया मिसळली, आणि त्यामुळे ती आणखीच वैतागली. "कंपनीला सांगा, परीक्षक अडून बसलीय. ऐकतच नाही म्हणावं. माझ्यावर ढकला. तसंही माझं नाव काय आहे ते तुम्हाला माहीत असेलच."

"आहे," तो म्हणाला, आणि जरासा हसला.

मुदत संपता संपता तो दावा एकदाचा आला. स्वच्छ. कुठेही 'बहुतांशी' नाही, 'अथवा' नाही. मग तिनं नव्यानं शोध घेतला, आणि आजवर कुठल्याच शोधात झालं नव्हतं ते झालं. काही सापडू नये असं तिला वाटत होतं. तरीही तिनं हात आखडता घेतला नाही. एक कागद उघडला, दोन थर दिसले, पण जागा बदललेल्या नव्हत्या. आणखी एक उघडला, त्यात जागा बदलल्या होत्या पण वेटोळं एकच होतं. तिनं सगळं संपवलं आणि पेटंट द्यावं असं लिहून फाइल वर पाठवली.

साहेबांनी फाइलवरून डोकं वर काढून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

काही दिवसांनी खालून निरोप आला की कुणीतरी भेटायला आलंय. म्हातारे इंजिनियर बाकावर बसले होते, हातात पेटंटची छापील प्रत. आभार मानायला आले असतील असं तिला वाटलं. पण त्यांचा चेहरा त्रासलेला होता.

"हे मी बायकोला दाखवलं," ते म्हणाले. "तिनं सगळं वाचलं आणि विचारलं, यात तुम्ही काय केलंत ते कुठंय? मी शोधतोय. मलाही सापडत नाहीय."

ती त्यांच्या शेजारी बसली. पानं उलटली, दावा काढला आणि बोटानं मधला भाग दाखवला. "इथून इथपर्यंत. हे तुमचं."

त्यांनी वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

"आणि याला पूर्णविराम कुठंय? श्वास घ्यायला जागा नाही."

"शेवटी आहे. पूर्ण दावा एकाच वाक्यात असावा लागतो. नियम आहे तसा."

"कुणी केला हा नियम?"

इतकी वर्षं ती तो नियम पाळत आली होती, लोकांकडून पाळून घेत आली होती, पण ते तिला ठाऊक नव्हतं. तसं तिनं त्यांना सांगितलं. मग तिनं कोपऱ्यातल्या मशीनमधून दोन कप चहा आणला, जो नेहमीसारखाच कोमट होता, आणि तो संपेपर्यंत दोघंही बाकावर बसून, ज्यानं कुणी हा नियम केला असेल त्याला मनापासून नावं ठेवत राहिली.